दानाची चंदी

डॉक्टर इद्रिसने टेप छातीभोवती गुंडाळली,
आकडा वाचला: चारशे अठरा.
मग बरगड्यांवरून तळहात फिरवला,
अंधारात पेटीच्या पट्ट्या चाचपाव्यात तसा,
आणि म्हणाला, भिकन,
बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत,
पण हाताला लागायला हव्यात.
इथे मला शोधाव्या लागतायत.

दाना तिचं नाव. इकडच्या बोलीत मोठा मोती.
मी हाक मारतो तेव्हा जीभ घसरते,
न चा ण होतो,
आणि ती कान टवकारते
ते मोत्यासाठी नाही.

काम म्हणाल तर आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास.
हेस्साबाईंची धाकटी पाठीवर बसते,
जनबियाच्या खजुरीबागेला दोन फेऱ्या, जराशी दुडकी,
खोगीर काढलं तर खाली पाठ कोरडी.
एके काळी हीच एकशेवीस किलोमीटर तोडून यायची,
तेव्हाची चंदी मी आजवर चालू ठेवली होती.
पेन्शनीत गेलेल्या पैलवानाचा खुराक.

तर नवा हिशेब.
पोत्याची मागची बाजू, शेगडीतला कोळसा.
रोड्सचं गवत आठ किलो, चार वेळा वाटून.
लसूणघास एक किलो, सकाळीच.
मिठाचा खडा ठाणात टांगलेला.
पाणी कोमट, कारण गार दिवसांत ती बादलीला नुसतं तोंड लावते
आणि मग रात्री पोटशूळ.
बार्ली बंद.
बंद लिहिताना कोळसा मोडला.

बाप सारंगखेड्याचा. मार्गशीर्षात जत्रेचे तंबू पडले
की त्याची चंदी चढत जायची,
भिजवलेला हरभरा, जवस, गूळ, वरून मेथी.
त्याच्याकडे काटा नव्हता, ओंजळ होती,
आणि ओंजळीला थांब म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं.
मी ती ओंजळच घेऊन विमानात बसलो.

पण बहरीनची थंडी ती केवढी?
पहाटे चौदा, शमाल सुटला तर अकरा.
माझे गुडघे धरतात, मी दोन बनियन चढवतो, वर कानटोपी,
आणि तडक कोठारात जाऊन तिच्या तोबऱ्यात एक माप जास्त ओततो.
डॉक्टर रागावला नाही. एवढंच विचारलं,
थंडी नक्की कुणाला वाजते?
घोडं इथं पेंड खात होतं.

पहिला आठवडा वाईट गेला.
बारीक भोकांची जाळी, एकावर एक दोन,
म्हणजे गवत तेवढंच, पण खाणं लांबतं.
तिला ते पटलं नाही. पुढच्या पायानं बादली वाजवायची,
माझ्याकडे पाठ करून उभी राहायची.
पलीकडच्या ठाणातला लियाकत हसायचा,
म्हणायचा, हिला बारीक करून काय बोहल्यावर चढवायचीय?
मी खरारा जास्त वेळ करू लागलो.
द्यायला दुसरं काही नव्हतं.

महिन्यातून सात दिवस ईसबगोल.
सांडलेला पाला टिपताना ती जमीन चाटते,
वाळू पोटात जाते, तळाशी बसते.
बसली की नाही, ते बघायची एक रीत आहे:
लीद रबरी हातमोज्यात भरायची, पाणी ओतायचं,
मोजा खुंटीला टांगायचा, बोटं खाली.

आज सकाळी टांगलाय.
याच समुद्रात माणसं नाकाला चिमटा लावून तळ गाठायची,
दाना शोधायला.
मी पत्र्याच्या शेडखाली उभा, कानटोपीत,
एकेक बोट उजेडाकडे धरून बघतोय.
अंगठा स्वच्छ. तर्जनी स्वच्छ.
करंगळीत चिमूटभर.

मागून बादली वाजली.
आलो गं, दाणा.